कापडाचा गज आणि अल्लाहची अमानत



अल्लाहने आपल्याला कशासाठी निर्माण केले, असे विचारले की आपण मशिदीकडे बोट दाखवितो. नमाज-रोजा तर फर्जच आहेत. पण फजर ते इशा यांमधील दहा-बारा तास आपण गल्ल्यावर, मागावर किंवा शिलाई मशीनवर काढतो. ते तास कोणाच्या खाती जमा होतात? आजचा पाठ याच प्रश्नावर आहे.

१) पाण्याचा धडा : आम्ही कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी असलेल्या अलोऱ्याचे. घाटापलीकडील कोयना धरणाचे पाणी बोगद्यांतून आधी पोफळीच्या वीजगृहात उतरते, तेथे वीज देऊन कोळकेवाडीच्या तलावात येते. तेच पाणी अलोऱ्यात तिसऱ्या टप्प्याचे प्रत्येकी ८० मेगावॅटचे चार संच फिरविते आणि मग वाशिष्ठीला मिळते. वरच्याने पाणी सोडले तरच खालच्याचे काम चालते. धंद्याचेही तसेच. विणकर, व्यापारी, दर्जी, गिऱ्हाईक – एकाने हात आखडला की सर्वांचे काम अडते.

२) फर्जे किफाया : इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये शेती, विणकाम व शिवणकाम यांना फर्जे किफाया म्हटले आहे. म्हणजे समाजाच्या गरजेची ही कामे काहींनी केली तर बाकीचे जबाबदारीतून सुटतात. कोणीच केली नाहीत तर सगळेच गुन्हेगार ठरतात. तेव्हा दर्जी मशीनवर बसतो तो केवळ पोटासाठी नव्हे. तो साऱ्या वस्तीचे कर्ज फेडीत असतो. नियत तेवढी दुरुस्त हवी.

३) कसोटीची वेळ : २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. आमचे काही गठ्ठे तेथील एका गोदामात होते. आम्ही ते धुऊन, वाळवून, इस्त्री करून घडी घातली. वरून पाहता कापड नव्यासारखे दिसत होते. उधारी अंगावर होती. मनात आले, कोणाला काय कळणार? आमच्याकडचा माल शिवणारा दर्जी मात्र म्हणाला, “चाचा, या कापडात दम राहिला नाही. टाका ओढला की विरतंय. लग्नाचे कपडे यात शिवून देऊ कसा?”

४) इमामसाहेबांचा दाखला : इमाम अबू हनीफा (रह.) कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. एकदा त्यांच्या भागीदाराने दोष असलेले कापड तो दोष न सांगता विकले. गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका केली. मदरशात ऐकलेली ही हकीगत त्या दिवशी आठवली आणि मान खाली गेली. आम्ही गठ्ठ्यांवर ‘पुरात भिजलेला माल’ अशी चिठ्ठी लावली. गावातील बायकांनी तो गोधड्यांसाठी पडत्या भावात नेला. तोटा झाला, उधारी फेडायला दीड वर्ष लागले. पण झोप शांत लागली.

यातून आम्ही हे शिकलो : अल्लाहने आपल्याला कोणते काम सोपविले आहे, ते एकट्याने कोपऱ्यात बसून उमगत नाही. आपला खोटेपणा आपल्याला दिसत नाही, तो शेजारच्या कारागिराला दिसतो. त्याचे ऐकणे हाही दीनचाच भाग आहे.

आज रात्री गल्ला बंद करताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. आपले दुकान उद्या बंद झाले तर वस्तीत कोणाची अडचण होईल? मालातला कोणता दोष आपण झाकला? आपल्याला तोंडावर खरे सांगणारा माणूस जवळ आहे काय? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी असा सोबती शोधा.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी आणि सच्चे सोबती देवो. आमीन.