हेजहॉग, इग्वाना, पोपट : घरी आणण्याआधीचा हिशेब

मुठीत मावणारा काटेरी हेजहॉग, खांद्यावर पसरलेला हिरवा इग्वाना, नावानं हाक मारणारा आफ्रिकन ग्रे पोपट. मोबाइलवरच्या रील्समुळे हे प्राणी घराघरांत ओळखीचे झाले आणि मुलांचा हट्टही त्यांच्यामागोमाग आला. पेट शॉपमध्ये चौकशी केली की किंमत लगेच सांगतात. त्या किमतीत जे धरलेलं नसतं, ते इथे एकेक करून मांडलं आहे.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. आपल्याकडचे पोपट, तारा कासवं असे संरक्षित वन्यप्राणी पाळणं हा गुन्हा आहे, तिथे खर्चाचा प्रश्नच उरत नाही. परदेशी प्राणी कागदोपत्री चालत असले, तरी बहुतेक घरांना ते झेपत नाहीत. का, ते हिशेबातच दिसेल.

पहिला खर्च : कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972चा आहे. 2022मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023पासून लागू आहे.

पिढ्यान् पिढ्या ओसरीवर टांगलेला ‘मिठू’, म्हणजे गळ्याभोवती कंठ असलेला आपला हिरवा पोपट, अनुसूची 2मध्ये येतो. तो पिंजऱ्यात ठेवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘घरात लक्ष्मी टिकते’ म्हणून आणलं जाणारं तारा कासव अनुसूची 1मध्ये आहे. तिथे शिक्षा किमान तीन ते कमाल सात वर्षं, आणि दंड 25 हजारांपेक्षा कमी नाही. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या मुलखातले देशी हेजहॉगही याच कायद्याच्या कक्षेत येतात. ‘जखमी सापडला म्हणून ठेवला’ ही सबब चालत नाही. सापडलेला प्राणी वनविभागाकडे द्यावा लागतो.

दुकानात मिळतो तो हेजहॉग बहुधा आफ्रिकी जातीचा. परदेशी प्राण्यांबाबत दोन गोष्टी तपासा. आयातीला परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो, म्हणून प्राणी कुठून आला याचा कागद मागा. आणि आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित करणाऱ्या ‘साईट्स’ कराराच्या यादीत त्याचं नाव आहे का ते पाहा. आफ्रिकन ग्रे पोपट, हिरवा इग्वाना, बॉल पायथन ही नावं त्या यादीत आहेत. कायद्याच्या अनुसूची 4मधल्या अशा प्राण्याची 2024च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत नोंदणी करावी लागते. शुल्क 1,000 रुपये, परत न मिळणारं. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं.

दुसरा खर्च : घर आणि वीज

कुत्र्याला सतरंजीचा कोपरा पुरतो. या प्राण्यांना आपल्या घरात त्यांच्या देशाचं हवामान तयार करून द्यावं लागतं.

आफ्रिकी हेजहॉगला साधारण 24 ते 30 अंश सेल्सिअस तापमान मानवतं. पारा फार उतरला की तो सुस्त पडून गारठतो आणि त्यातच दगावू शकतो. पुण्या-नाशकातल्या हिवाळी रात्री त्याला धोक्याच्या, आणि विदर्भातला मे महिना तितकाच. शंभर वॅटचा हीटर रात्री दहा तास चालला की रोज एक युनिट, महिन्याला 30 युनिटं. उन्हाळ्यात एसी लावाल तर हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो. शिवाय हेजहॉग रात्रभर पळणारा प्राणी. त्याला किमान चार फूट बाय दोन फूट जागा आणि पाय अडकणार नाहीत असं सलग पृष्ठभागाचं चाक लागतं. ते चाक रात्री फिरतं, तेव्हा पिंजरा झोपायच्या खोलीत नको.

इग्वानाचं गणित आणखी जड. ऊब देणारा दिवा आणि अतिनील किरणांची नळी मिळून सव्वाशे वॅट धरा. रोज बारा तासांचे दीड युनिट, महिन्याचे 45, तेही बाराही महिने. महावितरणच्या 0 ते 100 युनिटच्या टप्प्यात बसणारं घर यामुळे वरच्या टप्प्यात जाऊ शकतं. अतिनील नळी उजेड देत राहिली तरी तिचे किरण कमी होत जातात, म्हणून सहा महिने ते वर्षभरात बदलावी लागते. हा खर्च वाचवला की प्राण्याची हाडं ठिसूळ होतात. आणि वीतभर आणलेला इग्वाना पाच फुटांपर्यंत वाढतो. पुढे त्याला पिंजरा पुरत नाही, खोली लागते.

तिसरा खर्च : डॉक्टर

दुकानात जाण्याआधी आपल्या भागात परदेशी प्राणी तपासणारे पशुवैद्य आहेत का, याची चौकशी करा. गायी-म्हशी आणि कुत्री-मांजरं तपासणारे प्रत्येक डॉक्टर हे काम करत नाहीत. तालुक्याच्या गावातून प्रत्येक वेळी पुणे-मुंबई गाठावी लागणार असेल, तर फीमध्ये प्रवासखर्चही धरा.

हेजहॉग घाबरला की काट्यांचा गोळा होऊन बसतो. मग दात किंवा पोट पाहायचं तरी बऱ्याचदा गुंगी द्यावी लागते, म्हणजे साधी तपासणीही महाग पडते. तीन वर्षांनंतर गाठी आणि कर्करोग या जातीत वारंवार दिसतात. तोल जाऊन हळूहळू पाय लुळे पडणारा एक मज्जासंस्थेचा आजारही यांच्यात आढळतो. त्यावर इलाज नाही.

घरच्या माणसांचा दवाखानाही याच खात्यात येतो. हेजहॉग, कासवं आणि सरडे निरोगी दिसत असतानाही त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरू शकतात. हेजहॉगच्या काट्यांतून त्वचेला नायटा होतो. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं घरात असतील तर हे प्राणी नकोतच.

चौथा खर्च : वर्षं

हा सगळ्यात मोठा, आणि दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही. समजा अन्न, बिछाना आणि वीज मिळून महिन्याला सरासरी 2,000 रुपये लागतात. आकडा फक्त उदाहरणासाठी घेतला आहे, तुमचा तुम्ही घाला.

- हेजहॉग, आयुष्य साधारण 5 वर्षं : 1 लाख 20 हजार रुपये
- इग्वाना, साधारण 15 वर्षं : 3 लाख 60 हजार रुपये
- आफ्रिकन ग्रे पोपट, साधारण 40 वर्षं : 9 लाख 60 हजार रुपये

यात पिंजरा, डॉक्टर आणि महागाई धरलेली नाही. पन्नाशीत पोपट आणणाऱ्यानं आपल्यामागे तो कोण सांभाळणार, हेही ठरवायला हवं. ग्रे पोपट एकटा पडला की स्वतःची पिसं उपटतो, त्याला रोज काही तास माणसाचा सहवास लागतो. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात तो वेळ कुणाकडे असतो?

दुकानदाराला विचारायचे प्रश्न

- 2018च्या पेट शॉप नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का? प्रमाणपत्र दाखवा.
- प्राणी कुठून आला? आयातीचे किंवा पैदास करणाऱ्याचे कागद आहेत का?
- पक्कं बिल द्याल का? त्यावर प्राण्याची नेमकी जात लिहाल का?
- साईट्समधला असेल तर तुमच्या नावावरची परिवेश नोंदणी कुठे आहे?

एकाही प्रश्नाला ‘ते सगळं आपण बघून घेऊ’ असं उत्तर आलं, तर सौदा तिथेच थांबवा. घासाघीस करून कागद मिळत नाहीत.

आधीच घरात असेल तर?

देशी प्राणी असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करून तो सुपूर्द करा. मोबदला मिळत नाही. परदेशी प्राणी झेपेनासा झाला, तर नोंदणी तपासा आणि वनविभागाला किंवा प्राणी बचाव संस्थेला विचारूनच पुढचं ठरवा. नदीत किंवा टेकडीवर मात्र कधीही सोडू नका. नाण्याएवढी आणलेली लाल कानांची अमेरिकी कासवं ताटाएवढी झाली की लोक तळ्यात टाकतात, आणि मग ती तिथल्या देशी कासवांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगतात.

हौस भागवायची तर

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राणी दत्तक योजना आहे. पैसे तुम्ही द्यायचे, प्राणी राहणार उद्यानातच. काही वर्षांपूर्वी जाहीर झालेल्या दरांत चितळाला वर्षाला 20 हजार, बिबट्याला 1 लाख 20 हजार आणि वाघाला 3 लाख 10 हजार रुपये होते. सध्याचे दर उद्यानाकडून घ्या. वन्यप्राणी नीट सांभाळायला काय लागतं, याचा अंदाजही या आकड्यांवरून येतो. एकट्याला जड वाटलं, तर सोसायटीनं किंवा मुलांच्या वर्गानं मिळून चितळ घेता येईल.

घरात जनावर हवंच असेल, तर रस्त्यावरचं कुत्र्याचं किंवा मांजराचं पिल्लू दत्तक घ्या. विकत घ्यावं लागत नाही, लस आणि नसबंदी जवळच्या दवाखान्यात होते, आणि हजारो वर्षं माणसाजवळ राहिलेली ही जात आपल्या घरात खरंच रमते. हेजहॉगच्या पिंजऱ्यासाठी बाजूला काढलेले पैसे तिच्या डॉक्टरसाठी ठेवा.