तक्रारपेटीची चावी कोणाकडे?



नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर माझी पहिली नोकरी एका वीस खाटांच्या खासगी नर्सिंग होममध्ये होती. दारातच भिंतीवर लाकडी तक्रारपेटी होती. तिची चावी मॅनेजरकडे आणि मॅनेजर म्हणजे मालक डॉक्टरांचे मेव्हणे. महिन्यातून एकदा ते पेटी उघडत. चिठ्ठीत एखाद्या सिस्टरचे किंवा मावशीचे नाव असले की तिला बोलावून झापत. ‘रात्री बोलावले तरी कोणी येत नाही, माणसे कमी आहेत’ अशी चिठ्ठी निघाली की ती टोपलीत जाई. कारण माणसे वाढवायची तर पगार द्यावा लागतो.

एका रात्री वीस खाटांना आम्ही दोघीच होतो. दुसरी मुलगी पांढरा ड्रेस घातलेली, पण बारावी नापास, कुठलेही शिक्षण न झालेली. त्या संध्याकाळी एका बाईचे सिझर झाले होते. तिचे बीपी दर तासाला घ्यायचे होते. मी लेबर रूममध्ये अडकले आणि तीन वेळा घेतलेच नाही. पहाटे पाहिले तर अंगाखालची चादर भिजलेली. तिला सरकारी दवाखान्यात हलवले. जीव वाचला, पण गर्भाशय काढावे लागले. सकाळी डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, चार्ट पूर्ण करून ठेवा.” मी तीन रकाने भरले. न घेतलेल्या बीपीचे आकडे लिहिले. पुढे नातेवाइकांनी तक्रार केली. चौकशी मालकांनी स्वतःच केली. चार्ट चोख निघाला, तक्रार खोटी ठरली. ती नोकरी सोडायला मला त्यानंतरही आठ महिने लागले.

हे लिहिण्याचे कारण असे की ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानेच चौकशी केली तर काय होते, ते मी आतून पाहिले आहे. त्यात मीही सामील होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या राज्यात खासगी नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते. नोंदणीचे प्रमाणपत्र ठळक जागी लावावे लागते. आत गेल्यावर आधी ते शोधा. २०२१ साली या कायद्याचे नियम सुधारले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही त्यात आले. आणि आपल्या विषयाची गोष्ट म्हणजे नोंदणी देणाऱ्या यंत्रणेने तक्रार निवारण कक्ष व टोल फ्री क्रमांक ठेवला पाहिजे. म्हणजे तक्रार ऐकणारा कोणीतरी दवाखान्याच्या भिंतीबाहेरचा असला पाहिजे, हे कायद्याने मान्य केले. शहरात हे काम महापालिकेच्या आरोग्य विभागाचे. महापालिका नसेल तिथे जिल्ह्याच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावे लागते.

पण भिंतीबाहेरचा म्हणजे स्वतंत्र, असे नाही. नोंदणी देणारा, तपासणी करणारा आणि तक्रार ऐकणारा एकच विभाग आहे. तपासणीत त्रुटी दिसूनही ज्याने नोंदणी चालू ठेवली, त्याला तक्रार खरी मानायची तर आधी स्वतःची चूक मान्य करावी लागते. ती किती जण करतील? त्यात बस्तीतली बाई अर्ज घेऊन गेली की आधी आडनाव विचारतात, मग ‘बिल बुडवायचे आहे का’ म्हणून विचारतात.

दुसरे दार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे. डॉक्टरच्या वागणुकीची किंवा हलगर्जीपणाची तक्रार तिथे करता येते. कौन्सिल डॉक्टरला ताकीद देऊ शकते, त्याचे नाव नोंदवहीतून काढू शकते. मात्र तिचा अधिकार डॉक्टरवर, दवाखान्यावर नाही. रात्री वीस खाटांना दोनच बाया का, हा प्रश्न तिथे विचारता येत नाही. शिवाय डॉक्टरचा निवाडा डॉक्टरच करतात.

तिसरे दार ग्राहक आयोगाचे. तिथे मात्र निवाडा आरोग्य खात्याच्या हातात नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेले उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे असा निकाल दिला, तेव्हापासून हे दार उघडे आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत दावा करायचा. तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. निकालाला मात्र वेळ लागतो, आणि आयोग देतो ती मुख्यतः भरपाई. त्या वॉर्डात पुढच्या रात्री नर्स वाढत नाही.

इतर राज्यांनी काय केले? कर्नाटकात जिल्हा पातळीवरच्या तक्रार निवारण प्राधिकरणाचे प्रमुखपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. २०१७ साली तो कायदा कडक करायला घेतला तेव्हा खासगी डॉक्टर संपावर गेले होते आणि मसुदा बराच पातळ झाला. पश्चिम बंगालने त्याच वर्षी कायदा करून खासगी दवाखान्यांसाठी वेगळा आयोगच नेमला. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष राहिले आहेत, आणि आयोगाला भरपाई देण्याचाही अधिकार आहे. तिथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. पण चावी मेव्हण्याकडे नाही, एवढे खरे. आपल्याकडे तक्रार कक्षात रुग्णांच्या बाजूची माणसे, एखादी बस्तीतली बाई, आणि त्या विभागाबाहेरचा अध्यक्ष असावा, ही मागणी आपल्या नगरसेवकांपुढे आणि आमदारांपुढे लेखी ठेवायला हवी.

तोपर्यंत हातात काय आहे? कागद.

सर्वात आधी फाइल मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरने रुग्णाची कागदपत्रे द्यावी लागतात. मागणी तोंडी करू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. उशीर करू नका, कारण चार्ट कसे आणि कधी भरले जातात ते मी वर सांगितलेच आहे. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. नर्सिंग नोट्स, बीपी-तापाचा चार्ट आणि औषधांचा कागद नावानिशी मागा. चार्ट हातात आला की शाई बघा. रात्री आठ ते सकाळी आठच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एका दमात लिहिल्यासारख्या दिसल्या तर तक्रारीत तसे नमूद करा.

रुग्णाजवळ बसणाऱ्याने वही ठेवावी. किती वाजता बोलावले, कोण आले, किती वाजता आले. घड्याळ पाहून, त्याच क्षणी. आपल्या बायका हे सगळे तोंडपाठ सांगतात, पण तक्रारीत तोंडपाठ चालत नाही. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला सोबत बसवा.

महापालिकेत तक्रार देताना ‘न्याय मिळावा’ एवढेच लिहू नका. तारीख, वेळ, खाट, त्या पाळीत किती नर्स होत्या, त्यांची नोंदणी आहे का, असे नेमके विचारा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि त्या नर्सिंग होमच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल मागा. दारिद्र्यरेषेखालचे कार्ड असेल तर दहा रुपयेही लागत नाहीत. उत्तराला तीस दिवस.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका ताईंनी असाच अर्ज केला. आतापर्यंत एकच कागद आला आहे. त्यात लिहिले आहे की तपासणी झाली, ‘कर्मचारी पुरेसे’. पुरेसे म्हणजे किती, हे विचारणारे अपील आम्ही परवाच टाकले.