घरचा चरखा : विणकर घेईल असे सूत कसे कातावे

भिवापूर म्हटले की लोक मिरचीचे नाव काढतात. पण हा मुलूख कापसाचाही आहे, आणि उमरेड, पवनी, कामठी, नागपूरचा मोमीनपुरा ही विणकरांची ठिकाणे फार दूर नाहीत. तरीही घरचे सूत या भागातून गेले. विलायती सूत आधीपासून येत होतेच. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि एकसारखे सूत जवळच, स्वस्तात मिळू लागले. कोष्टी असो वा मोमीन, विणकराने माग ठेवला आणि सूत गिरणीचे घेतले.

आता पुन्हा काही जण विचारतात की घरात चरखा ठेवला तर चार पैसे सुटतील काय? सुटतील, पण विणकराने ते सूत पसंत केले तर.

काम चरख्यापासून नव्हे, पिंजणापासून सुरू होते. इथे आपल्या मन्सुरी (पिंजारी) बिरादरीचा हुनर कामी येतो. गादीचा जुना कापूस पुन्हा पिंजून कातू नये, त्याचे तंतू तुटलेले असतात. जिनिंगमधून ताजी रुई घ्यावी, सरकीचे तुकडे व काडीकचरा वेचावा, हलक्या हाताने पिंजून बोटाएवढे पेळू वळावेत. पेळू गाठाळ झाला तर पुढे उस्तादाचा हातही सूत एकसारखे काढू शकत नाही.

नवशिक्याने पंधरा दिवस टकळीवर हात बसवावा, मग चरख्यावर यावे. धागा चातीच्या टोकाशी तिरका धरला की प्रत्येक फेऱ्याला तो टोकावरून निसटतो आणि एक पीळ चढतो. काटकोनात धरला की चातीवर गुंडाळला जातो. कताई म्हणजे हे दोनच हात, बाकी सराव. चाक 20 इंची आणि चातीची गिरी अर्ध्या इंचाची असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात चाती 40 वेळा फिरते. ताण्याच्या 20 नंबरी सुताला इंचाला सुमारे 18 पीळ लागतात. म्हणजे दोन फूट ओढलेल्या धाग्याला 432 पीळ, चाकाचे जवळपास 11 फेरे. घाईत सहा-सातच फेरे दिले तर सूत दिसायला छान, पण मागावर पटापट तुटते. तुटलेला प्रत्येक धागा जोडायला विणकराचा वेळ जातो आणि तो दुसऱ्या वेळी दारात उभे करत नाही. मे महिन्याच्या कोरड्या हवेतही सूत जास्त तुटते, म्हणून तेव्हा सकाळीच कातावे.

नंबर घरच्या घरी काढता येतो. फाळक्यावर 1000 मीटरची गुंडी करून तोलावी. 30 ग्रॅम भरली तर सूत सुमारे 20 नंबरचे, 50 ग्रॅम भरली तर 12 नंबरचे. दहा गुंड्या तोलून दहा वजने निघाली तर त्या सुताला भाव नाही.

आता हिशेब. एका सदऱ्याला दोन चौरस मीटर कापड धरा. इंचाला उभे 40 व आडवे 40 धागे असतील तर घट धरून साधारण सात गुंड्या लागतात. सरावलेला हात तासाला तीनशे-चारशे मीटर कातत असेल, तर एका सदऱ्याचे सूत म्हणजे जवळपास वीस तासांचे काम! एका चातीवर घर चालत नाही, हे स्पष्ट समजून घ्यावे. फावल्या वेळेची ती भर आहे. जास्त चात्यांसाठी अंबर चरखा आहे, तामिळनाडूच्या एकांबरनाथन यांच्या नावाचा. मात्र त्याला घरचा पेळू चालत नाही, तयार पोणी लागते. ती नियमित पुरवणारी संस्था आधी पक्की करावी, मगच चरख्यात पैसे घालावेत.

माझा सल्ला असा की पहिले वर्षभर सूत फक्त बाण्यासाठी द्यावे. बाण्यावर ताण कमी पडतो, त्यामुळे नवख्या हाताचे सूत दरी-चादरीत खपून जाते आणि ताणा गिरणीच्या सुताचा राहतो. परंतु व्यापारी बंधूंनो, हा माल खादी नव्हे. 1956 च्या कायद्याने खादी म्हणजे हातानेच कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड. आणि 2013 च्या नियमांनुसार खादी मार्कशिवाय कोणतेही कापड खादी म्हणून विकता येत नाही. अशा चादरीच्या बिलावर ‘हातमाग, बाणा हातसुताचा’ एवढेच लिहावे.