ट्रॉलीला जीपीएस ट्रॅकर : घेताना, बसवताना आणि चोरी झाल्यावर



व्हिडिओत आपण ट्रॅकर ट्रॉलीवर बसवून दाखवला. पण व्हिडिओ पुढे-मागे करत बसण्यापेक्षा मुद्दे लिहिलेले असले की बरं पडतं. म्हणून हा धडा. वही घ्या आणि उतरवून ठेवा.

ट्रॉलीच का जाते?

साधी गोष्ट आहे. ट्रॅक्टरला किल्ली असते, ट्रॉलीला नसते. चोर स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन येतो, हूक जुळवतो, पिन टाकतो आणि निघतो. रस्त्यावर बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी आपली ट्रॉली घेऊन चाललाय.

आपल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या घेऊन ट्रॅक्टर-ट्रॉल्या सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतात. तिथे ट्रॉली फडात, रस्त्याकडेला, कारखान्याच्या अड्ड्यावर उभी असते. हंगाम संपला की पुढचे काही महिने गावात, वस्तीवर नाहीतर शेताच्या बांधाला. म्हणजे वर्षातला बराच काळ ती उघड्यावर आणि मालकाच्या नजरेआड.

ऐन हंगामात ट्रॉली गेली तर फक्त लोखंड जात नाही. वाहतूक बंद पडते, टोळी बसून राहते, दिलेली उचल अडकते आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. ज्यांना ट्रॉली भाड्याने देण्याचा धंदा करायचाय, त्यांचं तर सगळं भांडवल तीच आहे.

कोणता ट्रॅकर घ्यायचा?

मोटारसायकलचा ट्रॅकर गाडीच्या बॅटरीवर चालतो. ट्रॉलीला बॅटरीच नसते. त्यामुळे आपल्यापुढे दोन पर्याय राहतात.

१. स्वतःची मोठी बॅटरी असलेला, चुंबकाने किंवा बोल्टने बसणारा ट्रॅकर. महिन्या-दोन महिन्यांनी काढून चार्ज करायचा.

२. ट्रॉलीच्या टेललाइटच्या वायरला जोडलेला, आत छोटी बॅटरी असलेला. ट्रॅक्टर जोडून लाइट चालू असली की तो चार्ज होतो. पण बिनहंगामात ट्रॉली महिनोन्महिने उभी राहिली की आतली बॅटरी उतरते.

बरेच जण विचारतात, "सर, ते बॅगेला लावायचं ब्लूटूथ बटण चालेल का? स्वस्त पडतं." त्याला स्वतःचं सिम नसतं. आजूबाजूला चालणाऱ्या इतरांच्या फोनवरून ते आपली जागा कळवतं. पुण्याच्या रस्त्यावर फोनच फोन असतात, बालाघाटाच्या माळावर रात्री दोन वाजता कुणाचा फोन असणार? दुसरं म्हणजे, अनोळखी बटण सोबत फिरतंय अशी सूचना चोराच्याच फोनवर जाऊ शकते. ही सोय कंपन्यांनी लोकांचा पाठलाग होऊ नये म्हणून दिलीय आणि ती योग्यच आहे. पण आपलं काम तिने बिघडतं.

सिमबद्दल एक लक्षात ठेवा. जागा उपग्रहावरून कळते, पण ती तुमच्या फोनपर्यंत पोहोचते मोबाईल नेटवर्कवरून. टूजी ट्रॅकरमध्ये जिओचं सिम चालत नाही, कारण जिओला टूजी नाहीच. शक्यतो फोरजी डिव्हाइस घ्या. रेंज नसताना जागा साठवून ठेवून नंतर पाठवतो का, हेही दुकानदाराला विचारा. घाटात हे उपयोगी पडतं.

बॅटरीचं गणित

समजा, एका चार्जिंगमध्ये ट्रॅकर ५,००० वेळा जागा पाठवू शकतो.

दर ५ मिनिटांनी पाठवला, तर दिवसाला २८८ वेळा. बॅटरी साधारण १७ दिवस.
दर तासाला पाठवला, तर दिवसाला २४ वेळा. साधारण २०८ दिवस.

प्रत्यक्षात उभ्या-उभ्याही बॅटरी थोडी उतरते, म्हणून आकडा कमीच धरा. सगळ्यात चांगली सेटिंग अशी : ट्रॉली उभी असताना ट्रॅकर झोपलेला, हलली की जागा आणि मग दर मिनिट-दोन मिनिटांनी जागा पाठवणारा. सोबत जिओफेन्स लावा, म्हणजे नकाशावर ट्रॉलीभोवती एक वर्तुळ. वर्तुळ ओलांडलं की अलर्ट. हा अलर्ट नुसता मेसेज नको, फोन वाजला पाहिजे. आणि दोन नंबरांवर वाजला पाहिजे.

कुठे बसवायचा?

लोखंडाच्या बंद डब्यात ठेवला तर सिग्नल मरतो. चेसिसच्या चॅनलमध्ये, बाहेरच्या बाजूला तोंड करून, चिखल-ग्रीसने आपोआप झाकला जाईल अशी जागा बघा. ऊस भरल्यावर आणि रिकामी असताना, दोन्ही वेळा तपासा. पाणी-धुळीसाठी आयपी ६७ दर्जा असलेलाच घ्या. फिटिंग स्वतः करा किंवा विश्वासाच्या माणसाकडून. जागा गावभर सांगू नका. मात्र ट्रॉली भाड्याने देताना करारात "ट्रॅकर बसवलेला आहे" हे वाक्य जरूर लिहा.

ट्रॅकरइतकाच कागद महत्त्वाचा

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही वाहनच आहे. तरी कितीतरी ट्रॉल्या वर्कशॉपमधून बनतात आणि बिननोंदणी फिरतात. ट्रॅकरने ट्रॉली सापडेल हो, पण ती तुमचीच आहे हे कशावरून? समोरचा म्हणेल, माझीच आहे. पोलिसांनी जप्त केलेला मुद्देमाल परत घ्यायला न्यायालयापुढे मालकी दाखवावी लागते.

म्हणून वर्कशॉपचं पक्कं बिल घ्या. आरसी करा. चारही बाजूंचे आणि चेसिस नंबरचे फोटो काढून ठेवा. मूळ नंबरला हात न लावता, आतल्या दोन जागी स्वतःची खूण पंच करून घ्या. आणि ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली वेगळी नोंदवलीय का, हे आजच बघा.

रात्री अलर्ट आला तर?

- आधी घरी, टोळीत फोन करून आपल्याच माणसाने हलवली नाही ना, हे बघा.
- लगेच ११२ ला फोन करा. गाव, रस्ता, दिशा सांगा. लोकेशनचे स्क्रीनशॉट वेळेसकट काढत राहा.
- एकट्याने पाठलाग करू नका. ट्रॉली पुन्हा घेता येते.
- व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकू नका. चोराचा पाहुणाही त्याच ग्रुपवर असू शकतो.
- चोरी कुठेही झाली असो, फिर्याद जवळच्या ठाण्यात देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तसं सांगतं. ऑनलाइन माहिती दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

मित्रांनो, ट्रॅकर चोराचा हात धरत नाही. तो तुम्हाला वेळ मिळवून देतो. चोराला उशीर करायचं काम हूकच्या कुलपाचं आणि साखळदंडाचं, ट्रॉली तुमची ठरवायचं काम कागदाचं. तिन्ही असतील तरच पैसे वसूल.

गृहपाठ : आज संध्याकाळी ट्रॉलीजवळ जा. फोटो काढा, बिल शोधा, ट्रॉली उभी असते तिथे मोबाईलला रेंज किती येते ते बघा. ट्रॅकर आधीच असेल तर सिमच्या रिचार्जची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. रिचार्ज संपलेला ट्रॅकर म्हणजे ट्रॉलीला चिकटवलेला नुसता डबा.

अडचण आली तर व्हिडिओखाली लिहा. तुमची ट्रॉली कुठे उभी असते आणि किती दिवस, एवढं सांगितलंत की सेटिंग ठरवता येईल.