लिनक्सवर आणि हातातल्या कन्सोलवर ‘डे ऑफ द टेन्टॅकल’

प्रश्न : ‘डे ऑफ द टेन्टॅकल रीमास्टर्ड’ हा गेम विकत घेतला आहे. घरी लिनक्स आहे आणि एक स्वस्तातला, ६४०×४८० स्क्रीनचा हातातला कन्सोलही. दोन्हींवर चालेल का?

उत्तर : लिनक्सवर अडचण येऊ नये. रीमास्टर्ड गेम बनवणाऱ्या डबल फाइनने २०१६ मध्ये लिनक्सची स्वतंत्र आवृत्तीही काढली. गेम सुरूच होत नसेल, तर टर्मिनलमध्ये गेमच्या एक्झिक्युटेबल फाइलवर ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवा. ‘नॉट फाउंड’ दिसेल ती लायब्ररी बसवायची राहिली आहे.

तुमच्या छोट्या कन्सोलची गोष्ट निराळी. अशा बहुतेक यंत्रांत एआरएम प्रोसेसर असतो आणि रीमास्टर्ड गेम इंटेल धाटणीच्या प्रोसेसरसाठी बांधलेला आहे. तो तिथे थेट चालणार नाही. पण ‘टेन्टा.क्ले’ या फाइलच्या पोटात १९९३ चा मूळ गेमही आहे. तो बाहेर काढून स्कमव्हीएम या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रामला द्या.

आता स्कमव्हीएममधले एक सेटिंग नक्की तपासा : ‘अॅस्पेक्ट रेशो करेक्शन’. मूळ चित्र ३२०×२०० चे, पण त्या काळच्या मॉनिटरवर ते उभे ताणून दिसे. हे सेटिंग चालू केले की चित्र ३२०×२४० होते, म्हणजे तुमच्या स्क्रीनच्या नेमके निम्मे, आणि दुपटीने मोठे करून स्क्रीनभर चपखल बसते. गेममधल्या बर्नार्डचा चेहरा चपटा दिसत नाही.

मला विचाराल तर छोट्या पडद्यावर जुनी पिक्सेलचित्रेच जास्त खुलतात.