गाडीच्या रंगावरील जाळी कशी काढावी?

कारागीर बंधूंनो, उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. कोरड्या फडक्याने धूळ पुसल्याने ते पडतात. ते रंगावरच्या पारदर्शक थरात असतात. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसाहून पातळ.

आम्ही गाडी नीट धुऊन कडांना व प्लास्टिकला टेप लावतो. दोन फूट चौरस जागा घेऊन, मऊ फोमच्या पॅडवर हलक्या पॉलिशचे चार-पाच थेंब टाकून मशीन सावकाश उभे-आडवे फिरवतो. पत्रा तापला की थांबतो, पुसून दिव्याखाली पाहतो.

नखाला अडकणारा ओरखडा घासत बसू नका. थर उडाला तर रंगकामाचा खर्च आपल्याच गल्ल्यातून. नुसत्या मेणाने ओरखडे झाकूही नका. काही धुण्यांत ते उघडे पडतात आणि गिऱ्हाईक तुटते.