झाडलेले पण रिकामे घर

शास्त्रपाठ : मत्तय १२:४३-४५

व्यसन सोडलेला मनुष्य पुन्हा त्यात पडला म्हणजे त्याचा पश्चात्ताप खरा नव्हता, असे मंडळीत लागलीच म्हटले जाते. असा निकाल देण्यापूर्वी मानसशास्त्राच्या अभ्यासकांना काय आढळले, हे आपण पाहू.

१. शिपायांची साक्ष. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन शिपायांस हेरॉइन, म्हणजे अफूपासून केलेले जहाल द्रव्य, स्वस्त व सहज मिळे. ते घरी परतल्यावर काय होईल, याची १९७१ साली त्यांच्या सरकारास मोठी धास्ती पडली. त्या वर्षी सप्टेंबरात परतलेल्या सुमारे ९०० शिपायांची ली रॉबिन्स या विदुषीने पुढे विचारपूस केली. तेथे आपण व्यसनाधीन झालो होतो, असे सुमारे शेकडा २० जणांनी सांगितले. परंतु त्या व्यसनाधीनांपैकी पहिल्या वर्षात शेकडा ५, व तीन वर्षांत शेकडा १२ एवढेच पुन्हा आधीन झाले. याची कारणे अनेक आहेत. पण घरी ती छावणी नव्हती, ते सोबती नव्हते, ते भयही नव्हते, हे त्यांतील मोठे कारण होय.

२. उंदरांची साक्ष. १९८२ साली कॅनडातील शेपर्ड सीगल व त्यांचे सहकारी यांनी हेरॉइनची सवय लावलेल्या उंदरांस एकदम मोठी मात्रा दिली. नेहमीच्या खोलीत शेकडा ३२ उंदीर मेले. मात्रा तीच असता अनोळखी खोलीत शेकडा ६४ मेले. शरीर जागेच्या खुणा ओळखून विषाशी झुंजण्याची तयारी आधीच करते, असा याचा अर्थ त्यांनी लावला. गुत्ता दिसताच मद्यप्यास जी तळमळ लागते, तिचे मूळही बहुधा येथेच आहे.

३. आपणांस बोध. ते शिपाई व्यसनाची जागा मागे टाकून आले. आपला बंधु मात्र दवाखान्यातून त्याच गावी, त्याच वाटेवर, त्याच सोबत्यांत परततो. प्रभूच्या दाखल्यातील घर झाडलेले होते. ते रिकामे राहिले, हाच त्याचा घात झाला. म्हणून उपदेशकांनी केवळ शपथ घेववून थांबू नये. त्याची संध्याकाळ भजनाने, कामाने व स्नेहाने भरावी. मजुरी हाती येते त्या दिवशी कोणी तरी त्याच्यासोबत घरापर्यंत चालावे. तो पडलाच, तर दार लावू नये.

एक सावधगिरी : रोज पुष्कळ पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास झटके व भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो, त्यास आधी डॉक्टरांकडे न्यावे.

विचारासाठी प्रश्न
१. दाखल्यातील घर रिकामे का राहिले?
२. आपल्या गावात व्यसनी मनुष्यास कोणती वेळ व कोणती वाट सर्वांत कठीण जाते?
३. त्या वेळी त्याच्याबरोबर आपल्या मंडळीतील कोण असेल?